शतायुषी होण्याचे औषध मिळते का?

नमस्कार करणाऱ्याला 'शतायुषी हो' म्हणण्याची आपली रीत फार जुनी. देणारा हा आशीर्वाद सहज देतो आणि घेणाराही सहज घेतो. पण साठी ओलांडली, गुडघे कुरकुरू लागले, बरोबरीचे दोन-चार जण गेले, की याच आशीर्वादाकडे माणूस गांभीर्याने पाहू लागतो. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, म्हातारपण लांबवायचे औषध निघाले आहे म्हणे. खरे का?" मिरजेत इतकी वर्षे दवाखाना चालवताना हा प्रश्न मी शेतकऱ्यांकडून ऐकला, पेन्शनर मास्तरांकडून ऐकला आणि कर्नाटकातून उपचारांसाठी येणाऱ्या पाहुण्यांकडूनही ऐकला. पूर्वी लोक पेपरातले कात्रण दाखवत, आता मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतात, एवढाच फरक. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचे सविस्तर उत्तर देतो.

इच्छा जुनीच

ययातीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. स्वतःच्या मुलाचे तारुण्य मागून घेणारा हा राजा. वि. स. खांडेकर यांनी त्याच्यावर १९५९ मध्ये कादंबरी लिहिली आणि तिला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. खांडेकरांचा जन्म आपल्या सांगलीचा, १८९८ सालचा. च्यवन ऋषींना पुन्हा तारुण्य मिळाल्याची कथाही घरोघरी माहीत आहे, त्यांच्या नावाचा प्राश तर आपण दर हिवाळ्यात खातो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी 'रसायन' हे एक अंग याच विषयाला वाहिलेले आहे आणि चरकसंहितेतील चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाने होते.

पाश्चात्य डॉक्टरही मागे नव्हते. १८८९ मध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व अंगात तरुणाची ताकद आल्याचे जाहीर केले. ती ताकद फार टिकली नाही. १८९४ मध्ये ते वारले. त्यानंतर १९२० च्या दशकात व्होरोनॉफ नावाचे शल्यचिकित्सक पॅरिसमध्ये माकडांच्या ग्रंथींचे तुकडे श्रीमंत म्हाताऱ्यांच्या शरीरात बसवीत. गिऱ्हाईक पुष्कळ मिळाले, गुण मात्र आला नाही. आपल्या देशात पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९३८ मध्ये तपसीबाबांच्या देखरेखीखाली कायाकल्प करून घेतला, तो देशभर गाजला. मालवीयजी १९४६ मध्ये ८४ व्या वर्षी गेले. हे वय चांगलेच. पण ते कायाकल्पामुळे लाभले की मुळातल्या संयमी राहणीमुळे, हे एकट्या माणसावरून कधीच सांगता येत नाही. वाचकांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या जाहिराती आपोआप निकालात निघतील.

आजोबांचे वय किती?

'अमुक गावी ११८ वर्षांचे आजोबा' अशी बातमी अधूनमधून छापून येते. मी अशा बातम्या जपून वाचतो. आपल्याकडे जन्ममृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ सालचा. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या किती जणांची नोंद असणार? मी वय विचारतो तेव्हा उत्तर येते, "कोयनेच्या भूकंपाला माझा थोरला पाळण्यात होता." मग मी हिशेब करतो. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. थोरला झाला तेव्हा बाई अठरा-वीस वर्षांच्या असतील, म्हणजे जन्म १९४७ च्या आसपास. कोणी गांधीवधाचे साल सांगतो, कोणी बहात्तरचा दुष्काळ सांगतो. या हिशेबात पाच-सात वर्षे सहज इकडची तिकडे होतात. शिवाय ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसाचे वय दर वर्षी दोन वर्षांनी वाढवून सांगण्याची घरच्यांना हौस असते.

जगात सर्वांत जास्त जगल्याची कागदोपत्री नोंद फ्रान्सच्या जीन काल्माँ या बाईंची आहे. जन्म १८७५, मृत्यू १९९७, वय १२२ वर्षे १६४ दिवस. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेले, तरी तो आकडा कोणी ओलांडलेला नाही.

आपले आयुष्य वाढले कशाने?

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. त्या काळी हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांहूनही कमी होते. स्वातंत्र्याच्या सुमारास ते ३२ च्या आसपास आले आणि आज सुमारे ७० आहे. याचा अर्थ त्या काळी माणसे पंचविशीत म्हातारी होत असत, असा नव्हे. एका घरात दोन मुले जन्मली, एक पहिल्याच वर्षी दगावले आणि दुसरे ७१ वर्षे जगले, तर सरासरी ३६ येते. तेव्हाही सत्तरीचे आजोबा होतेच. मात्र त्यांच्या आजूबाजूला देवी, कॉलरा, प्लेग, क्षय आणि बाळंतपणात गेलेल्यांची रांग असे. क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवण्यासाठी सांगली-मिरजेच्या मध्ये सॅनिटोरियम उभारावे लागले. वॉन्लेसवाडी हे नाव आजही त्याची आठवण देते.

तेव्हा आपली वाढलेली वर्षे लस, शुद्ध पाणी, पुरेसे अन्न, सुरक्षित बाळंतपण आणि प्रतिजैविके यांनी दिली. त्यांतले एकही 'तारुण्याचे औषध' म्हणून विकले गेले नव्हते. साठी गाठलेल्या भारतीय माणसाला आज सरासरीने आणखी अठराएक वर्षे मिळतात. ही अठरा वर्षे कशी जातात, हा आपला खरा प्रश्न आहे.

शरीर का थकते?

१९६१ मध्ये अमेरिकेत हेफ्लिक या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की माणसाच्या शरीरातील सामान्य पेशी बाहेर वाढविल्या तर साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. याचे एक कारण पुढे सापडले. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमिअर' नावाचे टोपण असते. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी असते ना, तसे. प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजते. ही टोपणे कशी राखली जातात, या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २००९ चे नोबेल मिळाले. मग टोपण लांब करणारी गोळी का घेऊ नये? कारण कर्करोगाच्या बहुतेक पेशी नेमकी हीच युक्ती वापरून अमर होतात. शरीराने घातलेला ब्रेक काढताना गाडी कुठे जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

झीज एवढ्यावर थांबत नाही. पेशीतील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा थकते. जनुकांतील चुका साठतात. काही जुन्या पेशी मरत नाहीत आणि कामही करीत नाहीत, उलट भोवताली सूज निर्माण करणारी द्रव्ये सोडत राहतात. म्हातारपण म्हणजे एकच बिघाड नसून असे पुष्कळ बिघाड एकदम चाललेले असतात, म्हणून त्यावर एक गोळी सापडणे अवघड आहे.

विमा कंपन्यांचा हिशेब पाहणाऱ्या गॉम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८२५ मध्येच एक नियम मांडला होता. तारुण्यानंतर मृत्यूचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांप्रमाणे हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. म्हणजे चाळिशीपेक्षा ऐंशीत धोका सुमारे बत्तीस पट. त्यामुळेच उद्या जगातला सगळा कर्करोग नाहीसा झाला, तरी सरासरी आयुष्य तीनेक वर्षांनीच वाढेल, असे तज्ज्ञांचे गणित आहे. एका दारातून न आलेला मृत्यू दुसऱ्या दाराशी उभा असतो.

प्रयोगशाळेत काय चालले आहे?

१९३५ मध्ये अमेरिकेत मॅके यांनी उंदरांना पोषक पण कमी उष्मांकाचे अन्न दिले, तेव्हा ते जास्त जगले. माकडांवर असेच दोन मोठे प्रयोग झाले. २००९ मध्ये एकाने फायदा दाखविला, तर २०१२ मध्ये दुसऱ्याने आयुष्य वाढल्याचे दाखविले नाही. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी एका सूक्ष्म कृमीतील एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले. २००९ मध्ये रॅपामायसिन या औषधाने उतारवयातील उंदरांचेही आयुष्य वाढले. पण हे औषध किडनी बदललेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, हे विसरू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी निरोगी माणसाचे वार्धक्य लांबवते का, याचीही चर्चा आहे, पण ते अजून सिद्ध झालेले नाही. साखर नसताना शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नका.

उंदरावरून माणसाकडे उडी मारताना काय होते, याचा एक धडा सांगतो. शरीरात तयार होणाऱ्या घातक कणांमुळे वार्धक्य येते, असा विचार १९५६ मध्ये मांडला गेला. मग त्या कणांना मारणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची लाट आली. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी घेतली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के अधिक आढळला. गाजर खाणे चांगले, पण गाजरातले एक द्रव्य काढून त्याची गोळी करणे ही वेगळी गोष्ट. आपल्या सांगलीच्या हळदीबाबतही हेच. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. तिचा तीव्र अर्क भरलेल्या महागड्या कॅप्सूलनी माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही, उलट काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आपल्याकडचे शतायुषी

महर्षी धोंडो केशव कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून शंभर मैलांहून अधिक चालत, पावसापाण्यात कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला आले. तिथे परीक्षकांनी 'वय लहान दिसते' म्हणून त्यांना परत पाठविले. ज्यांचे वय साताऱ्यात कमी ठरले, ते पुढे १०४ वर्षे जगले. जन्म १८५८, मृत्यू १९६२. शंभरीत, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळाले. पण त्यांचेच चिरंजीव, संततिनियमनाचा प्रसार करणारे र. धों. कर्वे, वडिलांच्या हयातीत १९५३ मध्ये ७१ व्या वर्षी गेले. अनुवंशाचा वाटा असतो, पण एकट्या त्यावर कोणाचे आयुष्य ठरत नाही.

दुसरे उदाहरण औंधचे. तिथे सुमारे तीस वर्षे राहून वेदांचे काम करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १८६७ ते १९६८ असे शंभर वर्षे जगले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार लावले, त्यावर पुस्तके लिहिली. ते ८२ व्या वर्षी, १९५१ मध्ये वारले. मग सूर्यनमस्काराने माणूस शंभर वर्षे जगतो का? नियम तोच, एकट्यादुकट्यावरून ठरवू नये. नमस्कार घालूनही साठीत गेलेल्यांची आपण मोजदाद करीत नाही. मात्र या तिघांत एक गोष्ट समान दिसते. म्हातारपणीही त्यांच्या हाताला काम होते आणि ते काम स्वतःपुरते नव्हते.

पुडीपायी गेलेला हात

आता हा लेख लिहिण्याचे खरे कारण. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. वय ६८. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी रोज घेत आणि तब्येत ठणठणीत. एका ओळखीच्या विक्रेत्याने त्यांना 'पेशी तरुण करणारी' पावडर दिली. दरमहा खर्च पेन्शनच्या चौथ्या हिश्श्याइतका. 'अंगातले सगळे विष निघेपर्यंत इंग्रजी गोळ्या बंद ठेवा,' असेही सांगितले. मास्तरांना खरोखर हुशारी वाटू लागली. रक्तदाब वाढलेला असताना माणसाला काहीच जाणवत नाही, हाच त्यातला धोका. चौथ्या महिन्यात ते आंघोळीला गेले आणि तिथेच पडले. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणे अडखळले. चाळीस वर्षे फळ्यावर सुंदर अक्षर काढलेला तो हात. मुलगा मला म्हणाला, "आबांना अजून जगायचे होते हो, म्हणून तर घेत होते." मास्तरांच्या त्या इच्छेला मी कधीच नाव ठेवणार नाही.

काही पुड्यांत तर गुपचूप स्टेरॉईड मिसळलेले असते. चार दिवस गुडघे थांबतात, भूक लागते, चेहरा भरतो. नंतर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि एकाएकी बंद केले तर जिवावर बेतते. म्हणून घटक न छापलेली पुडी घरात आणू नये. आधीच घेत असाल, तर डॉक्टरांना सांगून मगच थांबवा.

मग करावे काय?

रक्तदाब सांभाळा. 'आता या वयात गोळी कशाला' हा समज चुकीचा आहे. ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ वृद्धांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या साध्या गोळ्यांनी मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी झाले. ही आयुष्य वाढवणारी गोळी सरकारी दवाखान्यात मिळते.

तंबाखू सोडा. निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्या शेजारी, त्यामुळे विडी, चुना-तंबाखू, मिश्री घरोघरी. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात (२००४) दिसले, की सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी कमी होते. पण साठीत सोडली तरी तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा. जगातला सगळा कर्करोग गेल्याने जेवढे मिळेल, तेवढे एका साठीच्या गृहस्थाला सिगारेट टाकून मिळते.

उपासमार करू नका. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांचे वजन कमी आढळले. 'कमी खा, जास्त जगा' हे त्यांच्यासाठी नाही. ज्या आजीचे वजन आधीच चाळीस किलोवर आले आहे, तिने उंदरांच्या प्रयोगावरून एकादशा वाढवू नयेत. तिला डाळ, मटकी, दूध, अंडे, शेंगदाणे यांची गरज आहे. पोट सुटलेल्या आजोबांनी मात्र भात-साखर आवरावी.

स्नायू राखा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, रोज पाहा. येत असेल तर दहा वेळा उठा-बसा. येत नसेल तर आधार घेऊन सुरुवात करा. रोज अर्धा तास चालावे. पडणे टाळा. न्हाणीघरात खरबरीत फरशी, भिंतीला दांडी, रात्री दिवा. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की चालता-बोलता माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्यातून अनेक जण उठत नाहीत. मोतीबिंदू वेळेवर काढून घ्या, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, दात नसतील तर कवळी करा. दिसेना, ऐकू येईना, चावता येईना, की माणूस आधी माणसांतून उठतो आणि मग अन्नावरून.

शेवटी थोडे नातवंडांविषयी. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळे वजनाने लहान, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त, असे त्यात दिसले. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे माणसाच्या म्हातारपणाची तयारी आईच्या पोटातच सुरू होते. घरातल्या सासूबाईंनी स्वतःसाठी आणलेल्या टॉनिकचे पैसे गरोदर सुनेच्या दूध-फळांवर खर्च केले, तर त्या घरातले आयुष्य खात्रीने वाढेल. 'शतायुषी हो' हा आशीर्वाद तिच्या पोटातल्या बाळालाही द्यायचा असतो.

पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाताना एक काम करा. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, थेंब आणि पुड्या एका पिशवीत घालून बरोबर न्या आणि त्यांच्या टेबलावर ओता. कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, ते तिथेच ठरवा.

पुढील आठवड्यात : घरातले पडणे कसे टाळावे?